वाकड्या चर्चचा डोळा

"डोळा बुजू द्यायचा नाही. फुलं वेदीच्या उजव्या अंगालाच ठेवायची, डावीकडे नाही. आणि झाडूच्या कपाटात वरच्या फळीवर फडक्यात गुंडाळलेलं आहे, त्याला अधूनमधून तेलाचा हात फिरवायचा. एवढं तू कर. बाकीचं देव बघेल."

सासूबाईंनी हे सांगितलं ते अंथरुणाला खिळल्यावर. पण सूर असा, की जाता जाता दाराची कडी लाव म्हणावं. त्यांना जाऊन बराच काळ लोटला होता, तरी रोज सकाळी चर्चच्या कुलपात किल्ली फिरली की सूनबाईच्या कानात तो आवाज यायचाच. सूनबाई हे काही तिचं नाव नव्हे. सासूबाईंनी जन्मभर चर्चची झाडलोट आणि दिवाबत्ती केली, त्यांच्यामागे ते काम हिच्याकडे आलं, आणि मग सगळं गावच तिला सूनबाई म्हणू लागलं. फादरसुद्धा. फादर तिच्याहून वयाने लहान होते, तरीही.

चर्च वाकडं होतं. म्हणजे जुनं होऊन कललेलं नव्हे, मुळातच कोपरात दुमडलेल्या हातासारखं बांधलेलं. त्याचं असं झालं, की फार पूर्वी वरच्या वस्तीने आणि खालच्या वस्तीने मिळून चर्च बांधायचं ठरवलं, आणि या दोघांनी मिळून काही करायचं म्हटलं की जे व्हायचं ते झालं. काम लवकर उरकावं म्हणून दोन टोकांकडून सुरुवात केली. वरच्यांनी वेदीकडून, खालच्यांनी दाराकडून. उगवत्या सूर्याकडे दोरी ताणून रेघ आखायची, एवढं दोघांनाही पक्कं ठाऊक. पण वरच्यांनी दोरी ताणली ऐन उन्हाळ्यात, आणि खालच्यांना सवड मिळाली ती थंडीत. तोवर सूर्याने उगवायची जागा बदलली होती. भिंती जवळ आल्या तेव्हा लोक बघतात तर दोन्ही अर्धी एकमेकांकडे तिरक्या नजरेने पाहताहेत. आमची रेघ सूर्याची आहे, वरचे म्हणाले. मग आमची काय चंद्राची आहे, खालचे म्हणाले. कुणी एक दगड मागे घेईना. शेवटी मध्ये कोपर घालून भिंती जोडल्या. छप्पर घालणाऱ्या सुतारांनी कपाळाला हात लावला, होडीच्या सांगाड्यासारख्या वाकड्या तुळया तासल्या आणि वर छपराच्या कण्यालाही तशीच मुरड दिली.

त्यामुळे या चर्चमध्ये पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, आपल्यालाच भोवळ आली. लग्नात नवरी दारातून आत येते ती वेदीपाशी उभ्या असलेल्या नवऱ्याला अर्ध्या वाटेपर्यंत दिसतच नाही. ज्याला पळून जायचं त्याने तेवढ्यात जावं, अशी गावात थट्टा आहे. फादरांना प्रवचन द्यायला वेदी सोडून कोपराशी येऊन उभं राहावं लागतं, नाहीतर मागच्या डावीकडच्या बाकांवर बसलेल्यांना नुसता आवाज.

आणि त्या कोपराच्या डाव्या भिंतीत डोळा. हातभर जाडीच्या दगडातून तिरपं कोरलेलं एक अरुंद भोक. जुन्या काळी ज्यांना रोगामुळे माणसांत येता येत नसे, त्यांनी बाहेर उभं राहून त्यातून आतली प्रार्थना पाहायची, अशी सोय. बाहेरून डोळा लावला तर सगळं चर्च दिसत नाही. दिसते फक्त वेदी, तीही डावीकडची बाजू आणि तिथला अखंड तेवणारा दिवा. ते रोगही गेले, ती माणसंही गेली. गावाच्या लेखी डोळा आता रिकामा होता.

तो रिकामा नव्हता, हे सासूबाईंना ठाऊक होतं, आणि त्यांच्यानंतर सूनबाईला.

सूनबाईचे सासरे गवंडी. हात असा, की त्यांनी लावलेल्या दगडाच्या सांध्यात नख शिरू नये. नवरा लहान असताना चर्चचं कोपर बाहेरच्या अंगाला फुगायला लागलं, म्हणून सासऱ्यांनी डोळ्याच्या शेजारी भिंतीला बाहेरून दगडी धिरा, म्हणजे टेकू, द्यायला घेतला. दोन्ही भिंतींच्या दोन रेघा, मधला धिरा दोघींचं मन राखत थोडा वळवून घ्यायला हवा, तसा त्यांनी घेतला. तेव्हाचे फादर वेगळे होते, आता हयात नाहीत. त्यांनी फाटकातून पाहिलं आणि रविवारी सगळ्यांसमोर म्हणाले, वाकड्या चर्चला वाकडा गवंडी मिळाला. लोक हसले. त्या फादरांच्या मनात काही नसेलही. पण सासरे उठले, बाहेर गेले, थापी घेऊन आले आणि उंबरठ्यावर ठेवून म्हणाले, "या उंबरठ्याच्या आत मी पुन्हा पाय ठेवणार नाही." धिऱ्याचा वरचा थर लावायचा राहिला तो राहिलाच.

शब्द त्यांनी पाळला. मुलाच्या लग्नातसुद्धा ते फाटकाशी उभे राहिले. सासूबाईंच्या अखेरच्या प्रार्थनेलाही आत आले नाहीत. गावाने नावं ठेवायची तेवढी ठेवली.

पण दर रविवारी घंटा वाजली की ते विळा उचलायचे, "गवत आणतो" म्हणायचे आणि मागच्या पायवाटेने निघायचे. घरी शेळी होती तेव्हा ठीक होतं. शेळी विकली तरी गवत येतच राहिलं. सासूबाईंनी एकदा चर्चची मागची बाजू झाडताना पाहिलं, धिऱ्याच्या आडोशाला, डोळ्याच्या बरोबर खाली, गवत नाही. दोन पावलांएवढी जमीन तुळतुळीत झालेली. त्या दिवसापासून वेदीच्या डावीकडची फुलदाणी त्यांनी उचलली, डोळ्यातली जळमटं रोज काढू लागल्या. इतकी वर्षं एका घरात, एका चुलीपाशी, आणि हा विषय नवराबायकोत कधी निघाला नाही.

"तुला सांगते आहे ते तुझ्यापुरतं," सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. "पोराला नको. कुणाला नको. त्यांना कळलं की आपण बघितलंय, तर ते तिथेही उभे राहायचे नाहीत. मग जातील कुठे?"

*

थंडी सुरू व्हायच्या तोंडाला चर्चची डागडुजी निघाली. फादरांनी चार माणसं बोलावली. सूनबाई चटया गोळा करत होती, तिलाही बस म्हणाले.

तक्रार पेटीवाल्या मावशींची होती. पेटी वाजवून गाणी म्हणवून घेणं त्यांचं काम, आणि त्यांची जागा बरोबर कोपरात, डोळ्याखाली. "मागच्या थंडीत माझा घसा बसला तो पार उन्हाळ्यात उठला," मावशी म्हणाल्या. "भिंतीला भोक ठेवायचं आणि वर मला म्हणायचं, मावशी, जरा वरच्या पट्टीत घ्या. वरच्या पट्टीत वारा गातोच आहे की."

"बुजवून टाकू," फादर म्हणाले. "शनिवारी गवंडी येणारच आहेत छपराच्या कडेला. आपलेच आहेत, सूनबाईंचे यजमान. काय हो?"

नवरा दाराशी उभा होता. "दोन दगड आणि घमेलंभर चुना," तो म्हणाला. "दुपारपर्यंत होईल."

"डोळा बुजवायचा नाही," सूनबाई म्हणाली.

ती एरवी बैठकीत बोलायची नाही, म्हणून सगळेच वळले. फादरांनी हसून विचारलं, "का बरं?"

"सासूबाईंनी सांगितलंय."

"हो, पण त्यांनी का सांगितलं?"

तिने खाली पाहिलं. कारण जिभेवर होतं. एक वाक्य बोललं असतं तर फादर मऊ झाले असते, मावशींनी गळ्याला मफलर गुंडाळून उरलेला जन्म काढला असता. आणि रविवारी सासरे तिथे गेले असते तेव्हा आतल्या प्रत्येक माणसाची मान त्या भोकाकडे वळली असती. चुन्याने बुजवण्यापेक्षा ते बुजवणं पक्कं झालं असतं.

"ते मला सांगता येणार नाही," ती म्हणाली. "पण बुजवायचा नाही."

"अगं, सासूबाईंचं मलाही कौतुक," मावशी म्हणाल्या. "पण त्या फुलं डावीकडे ठेवू द्यायच्या नाहीत, तेव्हाही हेच. ठेवायची नाही म्हणजे ठेवायची नाही. आता तू त्यांच्यावर गेलीस. बघ बाई, माझा घसा काही दगडाचा नाही."

"शनिवारपर्यंत थांबा," सूनबाई म्हणाली. "मावशींना वारा लागायचा नाही, हे माझ्याकडे. तरीही लागला, तर मी दगड हातात आणून देईन."

फादरांनी मान डोलावली. "बरं," ते म्हणाले. "शनिवारपर्यंत."

घरी आल्यावर फाटक लावताना नवरा म्हणाला, "चारचौघांत सांगून बसलीस. आता वाऱ्याला काय, समजावणार?"

"बघू," ती म्हणाली.

"आईचं काय एवढं होतं त्या भोकात?"

"तुमची आई होती. तुम्ही विचारायचं होतं."

तो हातपाय धुवायला गेला. सूनबाईने स्वयंपाक केला, सासऱ्यांना वाढलं. ते कोपऱ्यात बसून मुकाट्याने जेवले. गावात बातमी पोचायला वेळ लागत नाही. त्यांनाही कळलं असणार. पानातलं सगळं संपलं, पण दुसऱ्यांदा काही मागितलं नाही, आणि ताट त्यांनी स्वतःच उचलून ठेवलं. रोज ठेवत नसत.

*

दुसऱ्या दिवशी वारा चांगलाच सुटला. सूनबाईने दिव्यात तेल घातलं, गुडघे टेकून रोजची प्रार्थना म्हटली, आणि मग वेदीवरच्या मेणबत्त्यांची राहिलेली टोकं होती त्यातलं एक पेटवून ती कोपरात मावशींच्या जागेवर जाऊन बसली. गार झुळूक मानेवर आलीच. मावशी खोटं बोलत नव्हत्या. तिने मेणबत्ती उचलून भिंतीतल्या डोळ्यासमोर धरली.

ज्योत जराशी हलली आणि पुन्हा उभी राहिली.

तिला वाटलं, आपल्याला हवं तेच आपण बघतोय. हात बदलून पुन्हा धरली. तेच. डोळा तिरपा, अरुंद, आणि बाहेर धिऱ्याच्या आडोशाला. वाऱ्याला तिथे वळून शिरायला वाटच नव्हती. मग तिने भिंतीवरून मेणबत्ती हळूहळू वर नेली. दोन्ही भिंती जिथे एकमेकींना भेटतात त्या सांध्यावर, स्टूलवर चढून हात पोचेल तिथे, ज्योत आडवी पडली आणि विझली.

ती स्टूलवरून उतरली आणि तडक नवऱ्याला बोलावून आणलं. वाटेत मावशींनाही.

"आता माझ्या घशाची मेणबत्तीवर परीक्षा?" मावशी म्हणाल्या. पण आल्या.

नवऱ्याने स्वतः मेणबत्ती धरली. डोळ्याशी उभी, सांध्याशी आडवी. पुन्हा पेटवली, पुन्हा तेच. मावशींनी मान वर करून सांध्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं मी त्या बिचाऱ्या भोकाला शिव्या घालतेय. दिसतं ते भोक, म्हणून सगळं त्याच्याच नावावर."

नवरा बाहेर जाऊन शिडी लावून चढला. बराच वेळ वरच राहिला. उतरला तेव्हा त्याच्या हाताला जुन्या चुन्याची भुकटी लागली होती.

"धिऱ्याचा वरचा थर लावलेलाच नाही," तो म्हणाला. "त्याच्या मागे सांधा उघडा पडलाय. पाणी जाऊन जाऊन आतला चुना धुतला गेला."

"मग लावा तो थर."

"मी?" त्याने हात झटकले. "ते बाबांचं काम आहे. तू खाली उभी आहेस म्हणून दिसत नाही तुला. वर गेलीस तर कळेल. त्या धिऱ्याचा एकेक दगड दोन्ही भिंतींकडे बघून लावलाय. मी वर माझा दगड बसवला, तर तो एका भिंतीचा होईल, दुसरीला लागणार नाही. आणि बसवला तरी, ते जिवंत असताना त्यांच्या अर्ध्या कामावर मी थापी चालवू?"

"मग त्यांना विचारा."

"मी विचारलं तर चर्चचं नाव काढल्याबद्दल घमेलं डोक्यात घालतील." तो शिडी उचलायला वळला. "तुझ्यावर ते कधी ओरडले नाहीत."

"ओरडायला मी त्यांना कधी जागा दिली नाही," सूनबाई म्हणाली. "चुना भिजत घाला. मी विचारते."

*

मामंजी परसात विळ्याला धार लावत बसले होते. शेळी नाही, गवत लागत नाही, पण विळा मात्र सगळ्या गावात नसेल असा लखलखीत. सूनबाई पाण्याची कळशी ठेवून तिथेच पायरीवर बसली.

"मामंजी, एक काम होतं."

"बोल."

"चर्चच्या कोपरात वारा येतो."

धार लावायचा हात थांबला नाही. "येऊ दे. त्यांच्या घरात येतो, माझ्या नाही."

"धिऱ्याचा वरचा थर राहिलाय, तिथून येतो."

"राहिलाय म्हणजे मी ठेवलाय."

"हो," ती म्हणाली. "म्हणून तुम्हाला विचारायला आले. हे म्हणतात, तो दुसऱ्या कुणाला जमायचा नाही."

"कोण, पोरगा? तो असं म्हणाला?"

"शिडीवरून उतरून म्हणाले."

सासऱ्यांनी विळा उलटा केला. दुसऱ्या अंगाला धार लावू लागले. "मी शब्द दिलाय," ते म्हणाले. "त्या उंबरठ्याच्या आत पाय ठेवणार नाही. म्हातारपणी मोडायला दिला नव्हता."

"मोडू नका. थर बाहेरून आहे. उंबरठा तिथे येतच नाही."

"कुणी पाठवलंय तुला? फादरनी?"

"फादरना ठाऊकच नाही. शनिवारी वारा थांबला नाही, तर ते डोळा बुजवतील. एवढंच त्यांचं म्हणणं."

आता हात थांबला. परसात तारेवर वाळत घातलेली चादर फडफडत होती, तिचाच आवाज. सूनबाई त्यांच्याकडे बघत नव्हती. ती कळशीच्या काठाला लागलेली माती बोटाने पुसत होती, आणि मनातल्या मनात म्हणत होती, देवा, माझ्या तोंडून एक शब्द जास्त जाऊ देऊ नकोस.

"तुला काय त्याचं?" सासऱ्यांनी विचारलं. आवाज खाली आला होता. "बुजवला तर बुजवला."

"सासूबाईंनी सांगितलंय, बुजू द्यायचा नाही."

"का, ते सांगितलं?"

ती इथे खोटं बोलू शकली असती. खोटं तिला जमायचं नाही आणि खरं तिला बोलायचं नव्हतं. "त्यांनी सांगितलं तेवढं मी करते," ती म्हणाली.

सासऱ्यांनी विळ्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला. मग एकाएकी त्यांनी विचारलं, "फुलं अजून उजवीकडेच ठेवतेस ना?"

सूनबाईचं बोट कळशीवर थबकलं. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. फुलदाणी डावीकडून गेली त्या पहिल्या रविवारीच त्यांना कळलं असणार, कुणी उचलली आणि कशासाठी. तिकडून यांनी बघायचं, इकडून त्यांनी वाट मोकळी ठेवायची, आणि घरी आल्यावर दोघांनी गवताबद्दल बोलायचं. असा त्यांचा संसार.

"हो," ती म्हणाली. "उजवीकडेच."

"दिव्यात तेल घालायला ती यायची ना," सासरे म्हणाले, "तेव्हा तिचा हात दिसायचा. नुसता हात. बांगडी कुठली घातलीय ते दिसायचं." ते एवढंच बोलले, आणि विळा भिंतीला टेकवून उठले. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, पण उठले. "पोराला सांग, चुना आज भिजवला तर उद्याला चालणार नाही. चांगला मुरू दे. परवा सकाळी मी जातो. शनिवारच्या आत वारा बंद झालेला असेल. हा माझा शब्द."

"तुमचा शब्द म्हटल्यावर मग मी चिंता करत नाही."

"पण मला थापी नाही." ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "पोराच्या थाप्या माझ्या हाताला बसत नाहीत. माझी होती ती त्या उंबरठ्यावरच टाकली. गेली असेल कुणाच्या तरी भंगारात."

सूनबाई उठली आणि चर्चची किल्ली घेऊन निघाली.

झाडूच्या कपाटातली वरची फळी हाताला लागत नसे. स्टूल घ्यावं लागायचं. फडकं सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. आत काय आहे ते तिला पहिल्या तेलाच्या दिवशीच समजलं होतं. पातं काळंभोर, कुठे गंजाचा ठिपका नाही, मुठीच्या लाकडाला अंगठ्याचा खड्डा. त्या खड्ड्यात तिने नेहमी जरा जास्त तेल मुरवलं होतं, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

ती घरी आली तेव्हा सासरे जेवायला बसले होते. तिने पुडकं त्यांच्या पाटाशेजारी ठेवलं आणि वाढायला लागली. त्यांनी एका हाताने फडक्याचं टोक उघडलं, पाहिलं आणि परत झाकलं. फडक्यावरून मात्र हात काढला नाही. त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं.

*

ठरल्या दिवशी सूनबाई उठून चूल पेटवते आहे तोच मागच्या खोलीत हालचाल झाली. नवरा अजून कूस बदलत होता. "बाबांना हाक मार," तो झोपेतच म्हणाला, "चुना मी घेऊन येतो."

"हाक मारायला नको," ती म्हणाली.

सासरे बाहेर आले. धुतलेला सदरा, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या. भिंतीला टेकवलेल्या विळ्याकडे त्यांनी पाहिलं आणि तो तिथेच राहू दिला. चहाचा पेला उभ्याउभ्याच घेतला, रिकामा करून तिच्या हातात दिला.

"वारा आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे थोडा."

"असू दे."

ते मागच्या दाराकडे वळले नाहीत. पुढचं दार त्यांनी आवाज न करता उघडलं, कडी हळूच सोडली आणि भर रस्त्याने, थापी उघड्या हातात धरून, चर्चच्या दिशेने चालू लागले. सूनबाई दारात आली नाही. पेला विसळून पालथा घातला, चर्चची किल्ली घेतली, आणि सासरे पार पुढे जाईपर्यंत थांबून मग फुलं तोडायला परसात गेली.